तुटलेल्या तारेवरून आलेली पाणीपातळी

या सदरातले बाकीच्यांचे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा मनात म्हणते — झोप झाली नसेल, ताप असेल, नाहीतर मांजर असेल. माझा पिंडच तसा. आमच्या आष्ट्याला शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं. सगळी आळी हात जोडून उभी असायची आणि मी, वय वर्षं दहा, त्यांचं मनगट धरून नाडीचे ठोके मोजत बसले होते. आईनं त्यावरून धपाटा घातला होता. पुढे सांगलीला गणितात एम.एस्सी. केलं. म्हणजे भूत, करणी, संकेत वगैरे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

तरीही हे लिहितेय. आता पंचाहत्तरी जवळ आलीय आणि ही गोष्ट मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा अर्धीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साल आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. नदीच्या पाण्याची पातळी मोजून पुराची सूचना देणारं आमचं एक छोटं कार्यालय सांगलीत होतं. मी तिथं चोवीसाव्या वर्षी लागले. कार्यालयात एक मिनी कॉम्प्युटर आला होता. ‘मिनी’ म्हणजे लोखंडी कपाटाएवढा! पुढच्या बाजूला स्विचची रांग, वर लाल दिव्यांची रांग, शेजारी खडखडणारा टेलिप्रिंटर. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचे आणि ती टेप मशीनला भरवायची. अगदी तसंच दुसरं मशीन कराडच्या कार्यालयात होतं. कोयना आणि कृष्णा कराडला मिळतात. तिथं पाणी चढलं की दहा-बारा तासांत ते सांगलीत.

आधी कराडचा माणूस दर तासाला टेलिफोनवर आकडा सांगायचा. आता तीच तार दोन मशीनना जोडायची आणि आकडे आपोआप यायला हवेत, अशी योजना. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहायचा होता. तारेवरून अक्षर आलं की मशीननं हातातलं काम सोडून ते उचलायचं, जपून ठेवायचं, पुढच्या अक्षराला तयार राहायचं. आम्ही त्याला हँडलर म्हणायचो, आता ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम माझ्याकडे.

आणि तो चालत नव्हता.

तीन आठवडे! मशीन पहिलं अक्षर उचलायचं आणि दुसऱ्याला गप्प. दिवे जागच्या जागी थिजायचे. मी पुन्हा स्विच खालीवर करून मशीन जागं करायचे, पुन्हा टेप, पुन्हा पहिलं अक्षर… पुन्हा गप्प. जेवण जाईना. मी अक्काकडे राहायचे — माझी मोठी बहीण, नदीकाठच्या खालच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर, दोन लहान पोरं. ती म्हणायची, “मंगल, ताटात बोटानं काय लिवतीयास? भात हाय त्यो.”

यात सर्वांत वाईट गोष्ट मी स्वतः केली होती. महिनाभरापूर्वीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “एक तारखेपासून चालेल?” आणि मी उभी राहून सांगितलं, चालेल. त्या शब्दावर त्यांनी टेलिफोनवरून आकडे घ्यायची पद्धत एक तारखेपासून बंद केली. तार मशीनला जोडली गेली. मशीन तर मुकं. म्हणजे ऐन पावसाळ्यात सांगलीला कराडचं पाणी कळायची सोय माझ्या एका ‘चालेल’मुळे गेली होती. मी रोज सकाळी गुपचूप मशीनची पिन काढून, साधा टेलिफोन जोडून आकडे विचारून घ्यायचे आणि हातानं तक्त्यात लिहायचे. साहेबांना वाटायचं, मशीन चालतंय.

पलीकडून आकडे सांगणारे म्हणजे सुभेदार आप्पा. पलटणीत सिग्नलला, म्हणजे तारा-फोन सांभाळणाऱ्या तुकडीत होते, रिटायर होऊन कराडच्या कार्यालयात लागलेले. त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, पण तिकडच्या मशीनच्या दिव्यांवरचे आकडे असे वाचायचे की एकदाही चूक नाही. आणि चुकलेच तर लगेच स्वतःला थांबवायचे — “फोर… नो, नो, फाईव्ह. चुकी माफ.”

एकदा मी फोनवर रडलेच. ते म्हणाले, “आवं मंगलबाई, पलटनीत लाईन जोडताना आमीबी लय रडलोय. तार बोलती. टायमानं बोलती, पर बोलती. जेवलासा का?”

त्या दिवशीची गोष्ट सांगते. दोन दिवस धो धो पाऊस होता. साहेब सकाळीच कलेक्टर कचेरीत मीटिंगला गेलेले. कार्यालयात मी आणि बाहेर शिपाई. पावसामुळे त्या दिवशी दर अर्ध्या तासाला विचारत होते; साडेदहाला मी आप्पांचा आकडा घेतला. पाणी चढत होतं, पण घाबरण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, “हितं लाईट गेली हाय. मशीन बंद. पर तुमी काळजी करू नगा, मी हाय. दर टायमाला फोन उचलत ऱ्हावा.” अकराला मी फोन उचलला… तार मेलेली. खरखरसुद्धा नाही. टेलिफोन खात्यात शिपायाला पळवलं. तो भिजून परत आला — कासेगावच्या पुढे ओढ्यावर खांब पडलाय, दोन्ही तारा जमिनीवर, माणसं गेलीत पण आज काही होत नाही.

पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप पाठवायला सांगितला. उत्तर आलं नाही.

मी काय करणार होते? तक्ता समोर, अकराची जागा कोरी, साडेअकराची कोरी. खिडकीतून नुसता पाऊस. मला नीट आठवतंय, मी टेबलाच्या कडेला कपाळ टेकवून बसले होते आणि तोंडानं एकच चाललं होतं — “आप्पा, किती? आप्पा, किती?” प्रार्थना नव्हती हो ती. हताश माणूस बडबडतो तसं.

मग काहीतरी करायचं म्हणून तार परत मशीनला जोडली आणि तीच जुनी बिघडलेली टेप भरवली. कशासाठी, विचारू नका. हातांना सवय झाली होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी टेलिप्रिंटर खडखडला.

एक ओळ. आधी वेळ, मग फूट. 1210 आणि 29. साडेदहाच्या आकड्यापेक्षा पाच फूट जास्त.

मला आनंद झाला नाही, राग आला. म्हटलं, आता हे मशीन मनानं काहीबाही छापायला लागलं! तार तुटली की कधीकधी गोंगाट शिरतो आणि कचरा छापला जातो. पण गोंगाटात बरोबर वेळ कशी येईल? मशीनमध्ये घड्याळच नव्हतं. मी तार आणि मशीन यांच्यामध्ये बसवलेल्या मॉडेमच्या डब्याकडे पाहिलं. पलीकडून सिग्नल येत असला की त्यावर एक हिरवा दिवा लागतो. तो विझलेला.

बारा पंचवीसला दुसरी ओळ. 31.

तेव्हा मला उठायला हवं होतं. मी उठले नाही. मी मशीन बंद केलं, मिनिटभर थांबून पुन्हा चालू केलं, टेप पुन्हा भरवली, कागद फाडून टाकला. चूक शोधत बसले. तीन आठवडे तेच तर करत होते!

बारा चाळीसला टेलिप्रिंटरनं 36 छापलं. मग थांबला. असा थांबतो का कधी? टेलिप्रिंटर थांबत नाही, एका दमात ओळ टाकतो. हा थांबला आणि मग सावकाश दोन अक्षरं उमटली — एन आणि ओ. पुन्हा एन, ओ. आणि मग 33.

माझ्या प्रोग्रामला अक्षरं चालतच नव्हती. फक्त आकडे पुढे सोडायचे, बाकी सगळं गाळायचं असंच मी लिहिलं होतं. ‘नो, नो’ त्यातून बाहेर येणं… कसं सांगू? गव्हाच्या चाळणीतून नारळ पडावा तसं.

माझ्या कानात आप्पांचा आवाज आला. खरा नाही, आठवणीतला. पण हातावरचे केस उभे राहिले. मी मॉडेमची पिन भिंतीतून उपटली. नुसतं बटण नाही, पिनच काढून हातात धरली. आणि ती हातात असताना, एक वाजून पाच मिनिटांनी, पुढची ओळ आली. 35.

यानंतर मी काय केलं ते लिहायला मला सर्वांत जड जातंय. मी खोलीतून बाहेर पडले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. आत जायची हिंमत नव्हती, आणि कुणाला सांगायचं तर काय सांगायचं? साहेब विचारणार, तार तुटलीय ना? हो. मशीन चालतंय का? नाही, तीन आठवडे चालत नाहीये, मी खोटं बोलत होते. मग हे आकडे कुठून आले? माहीत नाही. — याच्यावर कुणी गाव हलवतं का? आत खडखड व्हायची, थांबायची. शिपाई म्हणाला, “बाई, मशीन हाक मारतंय की!” तो सहज म्हणाला. मी दाराकडे पाठ करून बसले.

पावणेदोनच्या सुमारास समोरच्या रस्त्यानं एक बाई डोक्यावर पोतं घेऊन, दोन पोरांना हाताला धरून पावसातून गेली. अक्का नव्हती ती. पण मला अक्काच दिसली. मी आत गेले. शेवटची ओळ 40 होती. कराडला चाळीस म्हणजे रात्री अक्काच्या गल्लीत दाराच्या वर पाणी. हे गणित मला पाठ होतं.

दोन वाजता मी कलेक्टर कचेरीत फोन लावला, साहेबांना मीटिंगमधून उठवलं आणि सरळ खोटं बोलले. “साहेब, कराडहून ट्रंक कॉल आला. कोल्हापूरमार्गे. चाळीस फूट, अजून चढतंय.”

“कोण बोललं?”

“सुभेदार आप्पा.”

“नक्की? मंगल, माझ्या शब्दावर ट्रक निघतील. नक्की?”

“नक्की, साहेब. मी आवाज ओळखते.”

ट्रक निघाले. भोंगे लावून माणसं गल्लीगल्लीत ओरडत फिरली. खालच्या गल्लीत गाडी पोचली तेव्हा सव्वातीन वाजले होते. मी धावत गेले. अक्का भांडणारच होती — “सकाळी तर म्हनलीस, भ्याचं कारन न्हाई!” — मी तिच्या कडेवरचं पोर ओढून ट्रकमध्ये टाकलं, तेव्हा ती गप्प बसली. संध्याकाळपर्यंत त्या भागातली जवळजवळ सगळी माणसं शाळेत नेली. रात्री पाणी आलं. अक्काच्या घराची कौलं तेवढी दिसत होती, असं सकाळी नावेतून जाऊन आलेल्यांनी सांगितलं.

जवळजवळ सगळी, असं म्हटलं मी. अक्काच्या घरापासून चौथं घर दिनकरचं. तो सूतगिरणीत होता. बायको बाळंतपणाला माहेरी, घरी म्हातारे वडील, तात्या, लकवा झाल्यानं अंथरुणावर. तीनच्या पाळीसाठी दिनकर अडीचला घरातून निघाला. भोंगा सव्वातीनला आला. शेजारचे तात्यांना उचलायला गेले तर ते म्हणाले, “माजा पोरगा येनार हाय, त्यो नेतोय मला, तुमी व्हा म्होरं.” शेजाऱ्यांना वाटलं दिनकरला निरोप गेलाय. गिरणीतल्यांना वाटलं म्हातारा ट्रकमध्ये चढलाय. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर दार उघडलं.

आप्पा चौथ्या दिवशी सांगलीला आले, मिळेल त्या ट्रकनं, मध्येच चालत. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, खाकी रेनकोट. दारातच म्हणाले, “मंगलबाई तुमीच का? मला माफी मागायची हाय.”

“कशाची, आप्पा?”

“तुमास्नी म्हनलो हुतो, मी हाय. आन् पुडं एक आकडा पोचवला न्हाई. लाईन मेली, लाईट न्हाई, काय करू? पर हितं म्हनत्यात मानसं हलवली. कुनी कळवलं?”

मी विचारलं, “तुम्ही त्या वेळात काय करत होता?”

ते जरा ओशाळले. “आता हसू नगा. घाटाकडच्या खिडकीत बसून पट्टीवरचं पानी बघत हुतो. आकडा वहीत लिवायचा आन् त्या मेल्या फोनमधी बोलायचा. ठावं हुतं, पलीकडं कुनी न्हाई. पर सिग्नलचा मानूस हाय मी. गप बसून कसं चालंल? वरडत हुतो अगदी.”

“वही आणलीय?”

त्यांनी रेनकोटच्या आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. मी टेलिप्रिंटरचा कागद काढला. पहिला फाडलेला तुकडासुद्धा मी टोपलीतून काढून चिकटवून ठेवला होता. आम्ही दोघं टेबलावर वाकलो. बारा दहा — एकोणतीस. बारा पंचवीस — एकतीस. पुढचा आकडा वहीत छत्तीस लिहिलेला होता, त्यावर आडवी रेघ, आणि बाजूला तेहतीस.

“हे काय?” मी विचारलं.

“डोळ्यावर पावसाचं पानी आलं, तिनाला सा वाचलं. लगीच दुरुस्त केलं की.”

मी कागदावरच्या त्या चार अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. ते बराच वेळ वाचत राहिले. मग खुर्चीत बसले, टोपी काढली आणि मला म्हणाले, “पोरी, जरा पानी दे.” त्या दिवसापासून मी ‘मंगलबाई’ची ‘पोरी’ झाले.

तुमच्यातले शहाणे लोक जे प्रश्न विचारतील ते सगळे मी स्वतःला विचारलेत. तार खरंच तुटली होती का? होती, दुसऱ्या आठवड्यात जोडली. माझ्या मशीनच्या पोटात जुने आकडे राहिले असतील? ते आकडे त्याआधी जगात नव्हतेच. मीच छापले आणि विसरले? मी व्हरांड्यात बाकावर होते, शिपाई शेजारी होता, आणि खडखड त्यानंही ऐकली. आणि सर्वांत मोठं म्हणजे — पुढे आठ दिवसांनी मला हँडलरमधली चूक सापडली. पहिलं अक्षर आल्यावर मशीनला ‘पुन्हा कान दे’ म्हणून सांगणारी एक सूचना मी चुकीच्या जागी लिहिली होती. म्हणजे त्या दिवशीच्या टेपवर दुसरं अक्षर येणं शक्यच नव्हतं. कधीही नाही. तार धडधाकट असती तरी नाही.

चूक सुधारली, मशीनं बोलायला लागली, साहेबांनी पेढे वाटले. मी आणि आप्पांनी मग गुपचूप चार वेळा प्रयोग केला. तार काढून ठेवायची, त्यांनी तिकडं मेलेल्या फोनमध्ये ओरडायचं, मी इकडं जुनी टेप भरवून बसायचं. एक अक्षर आलं नाही. चौथ्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आप्पा फोनवर म्हणाले, “बास पोरी. आता ह्ये नगं. तवा गरज हुती.” त्यांचं ते उत्तर. माझं नाही. गरज तर रोज कुणाला ना कुणाला असते, आणि तारा गप्पच असतात.

दिनकर मला सहा महिन्यांनी भेटला, बाजारात. कडेवर मुलगी होती. त्यानं नमस्कार केला. मला वाटलं, पुढे जाईल. तो थांबला आणि विचारलं, “बाई, येक इचारू? त्यो निरोप कराडवरनं किती वाजता आला हुता वो?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त हिशेब जुळवत होता, मी निघालो तेव्हा निरोप यायचा होता की येऊन पडला होता.

मी म्हणाले, “दोन वाजता. दोन वाजता आला आणि लगेच फोन केला.”

तो म्हणाला, “मग काय विलाज न्हवता.” आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन गेला.

दिनकर आता नाही. आप्पाही गेले. त्या दिवशी काय झालं, कसं झालं, याचं उत्तर मला इतक्या वर्षांत मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही. कुणी देऊ केलं तरी माझं फारसं काही हलकं होणार नाही. निरोप बारा वाजून दहा मिनिटांनी आला होता. दिनकर तेव्हा घरी होता.